मान्यतेचं काम अंगावर आलेल्या नव्या प्राध्यापकास

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

विभागप्रमुखांनी तुला समन्वयक नेमलं आणि 'तीन वर्षांत एएसीएसबी आणा, विभागाचं नाव होईल' असं फर्मान काढलं, हे समजलं. एएसीएसबी म्हणजे व्यवस्थापनाच्या शिक्षणसंस्थांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था, आणि तिची मान्यताही याच नावाने ओळखली जाते. अभिनंदन करावं की सांत्वन, हे तुझ्या विभागातली किती पदं रिकामी आहेत त्यावर ठरेल. मान्यता आली की नाव आपोआप होतं, हे मात्र गृहीत धरून कामाला लागू नकोस.

मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था घे. 1965 साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. तिचं नाव आहे ते सीईटीतल्या अगदी वरच्या पर्सेंटाइलची मुलं तिथे येतात म्हणून आणि मुंबईच्या कंपन्यांत तिचे माजी विद्यार्थी मोक्याच्या जागी बसलेत म्हणून. कॅम्पसवर मुलाखती घ्यायला येणारा माणूस परदेशी शिक्का शोधत नाही. त्याला गेल्या वर्षी नेलेली मुलं कशी निघाली ते पक्कं ठाऊक असतं. जवळचे लोक असेच ठरवतात. मान्यतेचा उपयोग होतो तो लांबच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांपुढे. विद्यार्थी अदलाबदलीचा करार करायचा की नाही हे ठरवणारं युरोपातलं विद्यापीठ, परदेशात पीएचडी करून परत येऊ पाहणारा उमेदवार, क्रमवारी काढणारी वृत्तपत्रं, ही ती मंडळी. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए क्रमवारीत नुसतं उभं राहायलाही एएसीएसबी किंवा इक्विस ही तशीच युरोपातली मान्यता, यांपैकी एक लागतं. अहमदाबादच्या आयआयएमने 2008 मध्ये इक्विस घेतलं, हैदराबादच्या आयएसबीने 2011 मध्ये एएसीएसबी. एएसीएसबी, इक्विस आणि एमबीएला मान्यता देणाऱ्या लंडनच्या संघटनेचा एएमबीए हे तिन्ही शिक्के देशात प्रथम कलकत्त्याच्या आयआयएमने जमवले. या तिघांनाही देशात नाव कमवायचं राहिलं नव्हतं. म्हणून प्रमुखांना पहिला प्रश्न हा विचार, की आपल्याला नेमकं कोणापुढे जायचं आहे? उत्तर 'नाशिक-सोलापूरच्या पालकांपुढे' असेल तर एनबीए आणि नॅक या देशी मान्यता नीट करा, पैसे वाचतील.

या दोन्हींतही घोळ घातला जातो. एआयसीटीई या केंद्रीय नियामक परिषदेची मंजुरी म्हणजे अभ्यासक्रम चालवायची परवानगी, दर्जाचा दाखला नव्हे. नॅक संस्थेला मिळतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. विद्यापीठाचं 'ए प्लस' विभागाच्या माहितीपत्रकावर छापताना ते विद्यापीठाचं आहे हे स्पष्ट लिही. त्याहून वाईट प्रकार एएसीएसबीच्या सभासदत्वाचा. वर्गणी भरली की कोणीही सभासद होतं. सभासदत्वाचं बोधचिन्ह पहिल्या पानावर मान्यतेसारखं लावणाऱ्या संस्था कमी नाहीत. एएसीएसबीच्या स्वतःच्या यादीत कोणालाही दोन मिनिटांत शोधता येतं आणि सापडलं नाही की त्या संस्थेच्या बाकीच्या दाव्यांवरचाही विश्वास उडतो.

आता कामाकडे. अर्ज भरण्याआधी व्याप्ती ठरव. एएसीएसबी फक्त तुमच्या पूर्णवेळ एमबीएकडे बघत नाही. विद्यापीठात इतरत्र चालणारे व्यवसाय-व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रमही साधारणपणे पाहणीत येतात. ते वगळायचे असतील तर सुरुवातीलाच कारणांसह मागावं लागतं. दूरशिक्षणाचा एमबीए आणि वाणिज्य विभागाचा एम.कॉम. यांचा विचार न करता पुढे गेलं की हे प्रकरण मध्येच अंगाशी येतं. पात्रता मंजूर झाल्यावर सुरुवातीचा स्वयंमूल्यमापन अहवाल द्यायला दोन वर्षं असतात. मग दरवर्षी प्रगती कळवायची, शेवटी पाहणी समितीची भेट. प्रमुखांना तीन नव्हे, पाच वर्षं सांग.

सगळ्यात आधी प्राध्यापकांचा तक्ता कर, कारण बहुतेक सरकारी विद्यापीठांचं घोडं इथेच पेंड खातं. अपेक्षा अशी असते की एकूण अध्यापनापैकी किमान 75 टक्के भार संस्थेच्या कामकाजात खऱ्या अर्थाने सहभागी असलेल्या शिक्षकांनी उचलावा, आणि प्रत्येक विषयशाखेत किमान 60 टक्के. समजा वर्षाला 4,000 तास आहेत आणि 1,600 तास तासिका तत्त्वावरची माणसं घेतात, जी तास संपला की निघून जातात. उरले 2,400, म्हणजे 60 टक्के. तिथेच अडलात. आणि एकूण सरासरी जमली तरी वित्त शाखेत दोन पदं रिकामी असली की ती शाखा वेगळी पकडली जाते. दुसरी मोजणी पात्रतेची. साधारण 40 टक्के शिक्षक संशोधनात सक्रिय हवेत. पीएचडीनंतर पहिली पाच वर्षं त्या पदवीवर निभावतं, पुढे सतत संशोधन दाखवावं लागतं. पैसे भरून दोन आठवड्यांत छापून आलेले निबंध त्या यादीत घालू नकोस. समितीत दुसऱ्या संस्थांचे डीन असतात, त्यांना ती नियतकालिकं पाठ असतात.

दुसरी कठीण गोष्ट म्हणजे विद्यार्थी खरोखर शिकले याचा पुरावा. परीक्षेचे गुण पुरावा म्हणून चालत नाहीत, कारण एका गुणात उपस्थिती, पाठांतर, तोंडी परीक्षा सगळं मिसळलेलं असतं. असं कर. 'लेखी विश्लेषण' हे एकच उद्दिष्ट घे. दुसऱ्या सत्राच्या केस अहवालांतून 40 अहवाल नावं झाकून निवड. समस्या नीट मांडली का, आकड्यांचा आधार आहे का, शिफारस अमलात येण्याजोगी आहे का, या तीन कसोट्यांवर दोन शिक्षकांना एकमेकांना न विचारता तपासायला दे. लक्ष्य आधीच लिहून ठेव, समजा 80 टक्के मुलं अपेक्षित पातळीवर. आकड्यांच्या आधारात 55 टक्केच निघाले तर ते लपवू नकोस. त्यावर अभ्यासक्रमात काय बदललं आणि पुढच्या तुकडीत पुन्हा मोजल्यावर काय आलं, हेच समितीला बघायचं असतं. सगळीकडे 95 टक्के दिसले की त्यांचा संशय बळावतो. आणि इथे विद्यापीठाची अडचण आड येते. बदल अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे जाईपर्यंत वर्ष सरतं. म्हणून पहिल्या फेरीत असेच बदल निवड जे विभागाच्या हातात आहेत, जसं अंतर्गत मूल्यमापन, केसची निवड किंवा एखादी कार्यशाळा.

इक्विसचा विचार असेल तर किमान 25 पूर्णवेळ शिक्षक आणि खरीखुरी स्वायत्तता लागते, आणि मान्यता पाच किंवा तीनच वर्षांची मिळते. एएमबीएला एमबीएच्या विद्यार्थ्याचा किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवी संपवून थेट आलेल्या मुलांच्या वर्गाला तो शिक्का लागू होत नाही, नोकरदारांच्या एमबीएसाठी बघायला हरकत नाही.

शिक्क्याने नाव वाचत नाही, हेही ध्यानात असू दे. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाची फॉक्स स्कूल एएसीएसबी मान्यताप्राप्त. तिचा ऑनलाइन एमबीए यूएस न्यूजच्या क्रमवारीत सलग चार वर्षं पहिला होता. 2018 मध्ये उघड झालं की नव्या 255 विद्यार्थ्यांपैकी सगळ्यांनी जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण दिल्याचं संस्थेने कळवलं होतं, प्रत्यक्षात 50 जणांनी दिले होते. क्रमवारी गेली, माजी डीन 2021 मध्ये दोषी ठरले, पुढच्या वर्षी त्यांना 14 महिन्यांची कैद झाली. क्रमवारीला जाणारी माहिती तपासणारी समिती आधीच मोडीत काढलेली होती. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना लाच प्रकरणी अटक केली. त्यामुळे चांगला दर्जा प्रामाणिकपणे मिळवलेल्या संस्थांनाही आता 'तुम्ही कसा मिळवलात?' असं विचारलं जातं.

तेव्हा आकडे भरणारा एक आणि मूळ कागद पाहून सही करणारा दुसरा, असं ठेव. दुसरा माणूस विभागाबाहेरचा, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातला असला तर उत्तम. वेबसाइटवरचं सभासदत्वाचं बोधचिन्ह याच आठवड्यात खाली उतरव. तासांचा तक्ता शाखावार करून मला पाठव. त्यात वित्त आणि विपणन 60 च्या खाली असतील तर अर्जाचं शुल्क भरण्याआधी पदभरतीची फाईल कुलगुरूंच्या टेबलावर पोचली पाहिजे.

लोभ असावा.