खरी आकडेवारी कुठे मिळेल?

प्रश्न : परळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात संख्याशास्त्र शिकतेय. प्रकल्पासाठी खरी आकडेवारी आणि परवडणारं सॉफ्टवेअर कुठे मिळेल?

उत्तर : सॉफ्टवेअरची चिंता सोड, बाळ. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आकडेवारी तर आपल्या देवनारलाच तयार होते. तिथली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहते. पण टक्केवारीआधी प्रश्नावली आणि नमुना कसा निवडला ते वाच. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच आधी करायला लावते. आणि प्रत्येक घराचा भार, म्हणजे नमुन्यातलं ते घर किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा, लावल्याशिवाय सरासरी काढू नकोस. मोजण्याच्या पद्धतीनेही उत्तर बदलतं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवलं, की पीककापणी प्रयोगात, म्हणजे शेताचा छोटा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज बांधताना, तो तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादनाचा अंदाज फुगतो. त्यांचं काम जरूर वाच.