पाठीवरचा स्किमर, खानापूरच्या टाकीसाठी

प्रश्न : माझी खाऱ्या पाण्याची टाकी १८० लिटरची आहे. दोन क्लाउनफिश आहेत, प्रवाळ नाहीत. खाली संप (पाणी गाळण्याची वेगळी टाकी) ठेवायला जागा नाही. दुकानदार म्हणतात, २०० लिटरच्या टाकीसाठीचा प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पुरेल. घेऊ का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : दोनच मासे राहणार असतील तर पुरेल की हो. पण खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा सढळ हातानं छापलेला असतो आणि मासे वाढवायचा मोह कुणाला सुटलाय? मी ३०० लिटरच्या आसपासचा बघेन. संप नाही, म्हणजे टाकीच्या पाठीला अडकवायचा. आधी टाकी आणि भिंतीमधलं अंतर मोजा.

उरलेलं खाणं, विष्ठा यातले सेंद्रिय घटक बारीक बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जातात. कुजण्याआधीच घाण बाहेर पडते, हा खरा फायदा. घाण कुजून तयार झालेलं नायट्रेट मात्र स्किमर काढत नाही. पाणी बदलणं चुकत नाही.

आपल्याकडं पावसाळ्यात लाईट सारखी जाते. ती परत आल्यावर पंप आपोआप पाणी ओढतो का, कप भरून सांडत नाही ना, हे दुकानातच बंद-चालू करून दाखवायला सांगा. नवा स्किमर सुरुवातीला काही दिवस नीट फेस धरत नाही, लगेच परत करायला पळू नका.

चोर्ला घाट उतरून गोव्याचं समुद्राचं पाणी आणत असाल, तर पावसाळ्यात किनाऱ्याजवळ त्याचा खारटपणा उतरतो. विशिष्ट घनता (खारटपणाचं माप) १.०२५च्या आसपास आहे का बघा. पाणी फार गोडं झालं तर फेसही धरत नाही.