तिजोरी हाती होती तेव्हा काय केलं?

प्रश्न : ताई, मी यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. पंतप्रधान होऊ पाहणाऱ्या एका नेत्यावरून आमच्या घरात रोज वाद होतात. बाबा म्हणतात, हा आला की सगळी धोरणं बदलतील. काकू म्हणते, कोणीही आला तरी फायली त्याच राहतात. मी जाहीरनामा वाचला, पण हाती काही लागलं नाही. शिक्षण, आरोग्य, कर यांचं पुढे काय होईल, हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : जाहीरनामा मुळातून वाचलास, याचा मला फार आनंद झाला. तो टाकून देऊ नकोस, पण आधी त्या नेत्याचा जुना कारभार काढून बघ. मंत्री असेल, मुख्यमंत्री असेल, महापौर असेल. हाती सरकारी पैसा होता आणि तो पुरत नव्हता, तेव्हा त्याने कात्री कुठे लावली आणि काय वाचवलं? माझी सगळी नोकरी अर्थखात्यात झाली. भरल्या तिजोरीवर बसलेला प्रत्येक मंत्री उदार असतो. ओढगस्तीच्या वर्षाचे सुधारित अंदाज, म्हणजे अर्थसंकल्पातले आकडे वर्षाच्या ओघात कुठे वाढवले, कुठे कापले ते, वाचले की खरा माणूस कळतो.

अमेरिकेच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचंच बघ. 1932च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात, पिट्सबर्गच्या सभेत, त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारच्या उधळपट्टीवर झोड उठवली आणि केंद्र सरकारचा कारभारखर्च 25 टक्क्यांनी कमी करण्याचं वचन दिलं. नुसतं भाषण ऐकणाऱ्याला वाटलं असतं, आता काटकसरीचं राज्य येणार. पण हेच रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते आणि मंदीने लोक देशोधडीला लागत असताना, 1931 मध्ये, त्यांनी बेकारांच्या मदतीसाठी राज्याची वेगळी यंत्रणा उभी केली होती. ती हॅरी हॉपकिन्स चालवत. राज्याच्या औद्योगिक आयुक्त होत्या फ्रान्सिस पर्किन्स. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर हे दोघंही वॉशिंग्टनला गेले. हॉपकिन्सकडे देशभरच्या मदतीचं काम आलं. पर्किन्सबाईंनी तर श्रममंत्रिपद घेण्याआधीच वृद्धांचं पेन्शन, बेकारी विमा, किमान वेतन अशी यादी रूझवेल्टपुढे ठेवून त्यांचा होकार मिळवला. सामाजिक सुरक्षा कायदा 1935 मध्ये झाला, त्याची मुळं या यादीत आहेत. काटकसरीचं वचन त्यांनी पार गुंडाळलं असंही नाही. मार्च 1933 मध्येच सरकारी पगार आणि माजी सैनिकांचे लाभ कापणारा कायदा आला. पण काटकसर की मदत अशी वेळ आली, तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये वागले तसेच वागले.

म्हणून नेत्याच्या सभेइतकंच त्याच्या आजूबाजूला कोण वावरतं, याकडे लक्ष दे.

तुझ्या काकूंच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण अर्धंच. परिस्थिती नेत्याकडून बरंच काही करवून घेते. पी. व्ही. नरसिंह राव आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री असताना ओळखले गेले ते जमीनसुधारणांसाठी. त्यांचा पूर्वेतिहास चाळून कुणाला उदारीकरणाचा अंदाज आला नसता. 21 जून 1991 रोजी ते पंतप्रधान झाले, तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. 24 जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. संकट कुणालाही चुकवता आलं नसतं. पण अर्थखातं मनमोहन सिंगांकडे देणं आणि उद्योगखातं स्वतःकडे ठेवणं, हे निर्णय रावांचे होते. उद्योगांना परवाने देणारं खातंच त्यांनी हाताशी ठेवलं. खातेवाटपाची बातमी आपण वरवर वाचून पान उलटतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता जाहीरनाम्याकडे येऊ. काही नेते बोलतात तेच करतात, आणि तेही धोक्याचं ठरू शकतं. ब्रिटनमध्ये 2022च्या उन्हाळ्यात लिझ ट्रस पक्षनेतेपदाच्या प्रचारात करकपातीचं वचन देत होत्या. कर्ज काढून कर कमी केले तर व्याजदर भडकतील, हा इशारा त्यांचे प्रतिस्पर्धी ऋषी सुनक तेव्हाच देत होते. ट्रस जिंकून पंतप्रधान झाल्या आणि 23 सप्टेंबरला सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली. तिचा सरकारी तिजोरीवर काय परिणाम होईल, याचा स्वतंत्र संस्थेचा अंदाज सोबत नव्हता. पौंड घसरला, सरकारी रोख्यांवरचं व्याज उसळलं, पेन्शन फंड अडचणीत आल्यावर 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, मध्ये पडावं लागलं. 20 ऑक्टोबरला ट्रसनी राजीनामा जाहीर केला. ज्यांच्या घरकर्जाचं व्याज यात वाढलं, त्यांतल्या बहुतेकांना ही निवड करायची संधीही मिळाली नव्हती. मत फक्त पक्षसदस्यांना होतं. तुला संधी आहे. सभेला गेलीस तर हात वर करून विचार : हे करायला पैसा कुठून आणणार, आणि नाही मिळाला तर आधी काय थांबवणार?

प्रश्न : एखादी घोषणा खरोखर अमलात येईल की हवेत विरेल, याची काही खूण?

उत्तर : ती आधी कुठे राबवून झाली आहे का, ते पाहा. देशभरची ग्रामीण रोजगार हमी 2004 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात आली, 2005 मध्ये कायदा झाला आणि 2 फेब्रुवारी 2006 पासून 200 जिल्ह्यांत काम सुरू झालं. इतकं झपाट्याने होण्यामागे एक कारण असं, की महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 मध्येच झाला होता. हजेरीपट कसा ठेवायचा, मजुरी कुठे रखडते, कामं कुठली काढायची, हे माहीत असलेली माणसं आधीपासून होती.