फोनेटिक्स शिकल्यावर स्पेलिंग बिघडतं का?

प्रश्न : मुलगी आठवीत, सेमी इंग्लिशला. सात रस्त्याजवळ एका क्लासला जाते, तिथं डिक्शनरीत शब्दापुढं असतात ती उच्चाराची चिन्हं शिकवायलेत. बोलणं सुधारलंय हे खरंय, पण आता वहीत 'यस' जे-ई-एस आणि 'क्वीन' के-डब्ल्यू-आय-एन असं लिहायली, आधी बरोबर लिहायची ओ! घरात मराठी, सासरकडं कन्नड, शेजारी तेलुगू, त्यात ही आणि एक लिपी कशाला? क्लास बंद करू का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, क्लास बंद करू नका, आधी वही बघा. तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं भारी आहेत, कारण पोरगी चिन्हं बरोबर शिकलीय आणि तीच स्पेलिंगच्या जागी टाकतीय. त्या पद्धतीत 'य'च्या उच्चाराला 'जे' (j) हे चिन्ह आहे, 'क'ला 'के' (k). जी चिन्हं एबीसीडीसारखी दिसतात पण काम वेगळं करतात तिथंच घोळ होतो, उलटा ई (ə) सारखं विचित्र चिन्ह कुणी स्पेलिंगमध्ये घुसवत नाही. म्हणून उच्चार नेहमी तिरप्या रेघांच्या आत लिहायला लावा, पेन्सिलनं, आणि स्पेलिंग आधी पेननं. दोन्ही एकाच ओळीत भेसळ करून नको.

दुसरं म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही लिप्या बऱ्यापैकी उच्चाराप्रमाणं चालतात, म्हणून ऐकलं तसं लिहायची सवय तुमच्या घरात आधीपासूनच आहे, सगळा दोष फोनेटिक्सवर टाकू नका. इंग्रजीत अक्षरं 26 आणि उच्चार साधारण 44, शिवाय छपाई आल्यावर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार बदलत राहिले, म्हणून 'नाइट' (knight) म्हणजे सरदार अजून न बोलला जाणारा के घेऊन फिरतोय.

ब्रिटनमध्ये 1960च्या दशकात लहान पोरांना वाचायला शिकवताना उच्चाराप्रमाणं चालणारी 40च्या वर अक्षरांची वेगळी लिपी वापरून बघितली, जेम्स पिटमन यांची, आपल्याकडं टायपिंगच्या क्लासात ज्यांचं शॉर्टहँड शिकवायचे त्या पिटमनचे हे नातू. पोरं पटापट वाचायला लागली, पण नेहमीच्या स्पेलिंगवर येताना बरीच अडखळली आणि पुढं ती पद्धत मागं पडली. मात्र तिथं ती लिपी नेहमीच्या स्पेलिंगच्या जागी होती, तुमच्या मुलीला आधीच स्पेलिंग येतं, तेव्हा एवढं घाबरायचं कारण नाही.

उलट एका ठिकाणी फायदाच आहे. आपल्याकडं 'व' एकच, त्यामुळं व्ही आणि डब्ल्यूची अदलाबदल पोरं हमखास करतात. 'वेस्ट' म्हणजे बनियन की पश्चिम? चिन्हं वेगळी, तोंडही वेगळं: व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. आरशासमोर करून बघायला सांगा, मग लिहायला. हे जमलं की त्या चुका आपोआप कमी होतात.

पण उलट्या ई चं तसं नाही. अबाउटचा ए, प्रॉब्लेमचा ई, लेमनचा ओ, सर्कसचा यू, सगळ्यांचा उच्चार तोच पुसट 'अ', कान कितीही तयार असला तरी अक्षर कळणार नाही. असे शब्द डोळ्यानं बघून, हातानं लिहूनच पाठ करायचे, नाहीतर नात्यातला शब्द शोधायचा, जसं 'साइन'मधला जी ऐकू येत नाही पण 'सिग्नेचर'मध्ये खणखणीत येतो. आणि क्लासच्या सरांना एवढंच विचारा, डिक्टेशन घेता का? घेत नसतील तर आठवड्यातून दोनदा घरी तुम्हीच घ्या.