चोकची केबल तापते, काटा थरथरतो

प्रश्न : आमची १९७८ची प्रीमियर पद्मिनी गाडी रंगवून पुन्हा जोडली. आता स्टार्टर मारला की चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या खटक्याची) केबल चटका बसेल इतकी तापते. स्पीडोमीटरचा काटाही थरथरतो. केबल बदलू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, चोक बिचारा निर्दोष आहे! इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. बॉडीशी त्याचं अर्थिंग तांब्याच्या विणलेल्या पट्टीतून होतं. ती पट्टी जोडायची राहिली असेल किंवा रंगावरच आवळली असेल, तर स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअर करंट चोकच्या तारेतून परततो. बोल्टखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, पट्टी घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. रंगारी हे कधीच करत नाहीत.

काट्याचं म्हणाल, तर स्पीडोमीटरची केबल डॅशबोर्डमागे मुडपली असणार. तिला ऐसपैस वळण द्या, मीटरपाशी सरळ येऊ द्या. आतल्या तारेला ग्रीस लावा, मीटरकडचं टोक मात्र कोरडं ठेवा.

आणि न विचारलेलं सांगतो : पुढच्या चाकांचे ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या, तपासा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक जॅकवर लोंबतं असताना आणि जमिनीवर टेकल्यावरही. होज कुठे ताणला, पिळला किंवा टायरला घासला, तर गाडी गल्लीबाहेरही काढू नका.