दोन चंद्रांचा एक चंद्र करणारा मुलगा

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, म्हणतो दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे फोटो काढणारी यंत्रं टेस्ट करणार, आणि घरचे म्हणतात ही काय नोकरी झाली, गपचूप कॉम्प्युटर घे. शेवटी त्या सहज लिहून गेल्यात की त्याने आजोबांची जुनी दुर्बीण खोलली, परत जोडली तर दोन चंद्र दिसायला लागले, मग दोन दिवस जेवणाची शुद्ध नाही, एकच चंद्र दिसेपर्यंत उठला नाही.

ताई, मला ते शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण हे काम म्हणजे तेच.

चोर्ला घाटात रात्री समोरून हेडलाइट डोळ्यावर आली की आपण हात आडवा धरतो आणि मग कडेने चालणारा माणूस दिसतो ना, कोरोनाग्राफ नावाचं उपकरण ताऱ्याचा उजेड तसंच अडवतं, म्हणजे शेजारचा ग्रह दिसतो. पण आपला गुरू सूर्यापेक्षा साधारण शंभर कोटी पट फिका, तिथे नुसता हात धरून भागत नाही. आरशात केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा उंचसखलपणा राहिला तरी उजेड निसटतो आणि त्याचे ठिपके हुबेहूब ग्रहासारखे दिसतात. म्हणून लॅबमध्ये खोटा तारा करतात, बारीक फायबरच्या टोकाचा उजेडाचा ठिपका, आणि ही माणसं महिनोन्‌महिने एकेक ठिपका कुठून येतोय ते शोधत बसतात, कधी आरसा, कधी तापमान, कधी यंत्र जरा कललं म्हणून. जेमिनी प्लॅनेट इमेजर हा ग्रहांचे फोटो काढणारा कॅमेरा कॅलिफोर्नियात सांताक्रूझला असाच जोडून तपासला, मग २०१३ मध्ये चिलीला गेला, आणि २०१५ मध्ये त्याने ५१ एरिडानी बी हा नवा ग्रह दाखवला. ह्या कामाला कोणी दुय्यम म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

आता पोटापाण्याचं. ग्रहांच्या फोटोंचं काम आपल्या देशात थोडंच आहे, हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा. पण सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरचा व्हीईएलसी हाही कोरोनाग्राफच, बंगळुरूच्या आयआयए ह्या खगोलभौतिकी संस्थेने केलेला, आणि त्याच यानावरची ‘सूट’ (SUIT) नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्र संस्थेची, म्हणजे हात बसवायला जागा आहेत. ऑप्टिक्स येणारा माणूस इस्रोत, लेझरच्या कामात कुठेही लागतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड जमलं तर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी ह्या अंतराळ विज्ञानाच्या संस्थेत इंजिनिअरिंग फिजिक्स बघा. नाही जमलं तर घर सोडायची घाई नको, इथेच बीएस्सी फिजिक्स आणि ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी, किंवा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं चालतं, ह्या यंत्रांना तीही माणसं लागतात. पुढे पीएचडीला जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. म्हणजे शिकताना तो तुमच्यावर भार नसेल. कॉम्प्युटर वाईट नाही हो, पायथन तर त्याला शिकावंच लागेल, पण तेवढंच गळ्यात मारू नका.

आणि एक विचारा त्याला, चंद्र एक करताना कुठला स्क्रू किती फिरवला ते वहीत लिहिलंय का. नसेल तर दुर्बीण परत खोलू दे, ह्या वेळी तारीख घालून लिहायला लावा, आणि ती वही जपून ठेवा.