लहानग्याला किती सांगावे? थॅलेसेमिया असलेल्या मुलाच्या आईवडिलांचा एक प्रश्न

थॅलेसेमिया मेजर असलेल्या लहान मुलाचे आईवडील समुपदेशनासाठी येतात, तेव्हा औषधे, रजा, रक्तदाते यांविषयी बोलून झाल्यावर बहुधा शेवटी एक प्रश्न निघतो : "एवढ्याशा पोराला यातले काय आणि किती सांगायचे?" माझे उत्तर असे, की त्याच्या वयाला झेपेल इतकेच सांगावे, पण जे सांगाल ते खरे असावे आणि ते सुई टोचण्याच्या आधी सांगावे. डिचोली तालुक्यातील एका कुटुंबाच्या अनुभवावरून मी हे स्पष्ट करते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

रुद्र पाच वर्षांचा होता. पहिल्या वर्षातच तो फिकट पडू लागला, दूध पिईना, वजन वाढेना, आणि तपासणीत थॅलेसेमिया मेजरचे निदान झाले. या आजारात हिमोग्लोबिनचा एक घटक शरीरात पुरेसा तयार होत नाही, तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात आणि जन्मभर ठरावीक अंतराने रक्त घ्यावे लागते. रुद्रला दर तीन-चार आठवड्यांनी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेत असत. तो आधीपासून रडू नये म्हणून घरातून निघताना त्याला "मिरामारला फिरायला जाऊया" असे सांगितले जाई. गाडी पणजी मागे टाकून बांबोळीच्या चढाला लागली की त्याला सारे कळे आणि तिथून पुढे आकांत सुरू होई. माझ्याकडे आले तेव्हा तो कोणत्याच गाडीत बसायला तयार नव्हता. चवथीला आजोळी जायचे म्हटले तरी दाराची चौकट धरून बसे.

औषधाचीही तीच गत होती. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसल्यामुळे हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथींत साठत जाते. ते काढण्यासाठी रुद्रला पाण्यात विरघळवून घ्यायची गोळी रोज होती. आई ती दुधात मिसळून देत असे. डिफेरासिरॉक्सची ही गोळी दुधातून द्यायची नसतेच. पाण्यातून किंवा संत्र्याच्या रसातून, उपाशीपोटी द्यायची असते. शिवाय चव ओळखल्यावर रुद्रने दूधही सोडले. वडील म्हणाले, "लहान आहे मॅडम, कळून तरी काय करणार?"

त्याला काय कळले होते, ते खेळताना दिसले. मी त्याच्यापुढे एक कापडी बाहुला, सुई नसलेली सिरिंज आणि पट्टी ठेवली. बराच वेळ त्याने कशालाही हात लावला नाही. मग बाहुल्याचा हात घट्ट दाबून धरला, सिरिंज टेकवली आणि म्हणाला, "जेवला नाहीस ना? मग घे आता." आई सुन्न होऊन पाहत राहिली. घरात कोणीतरी सहज म्हटलेले असते, की जेवला नाहीस तर डॉक्टरकडे नेईन. पण ज्या मुलाला खरोखरच वरचेवर सुई टोचली जाते, त्याच्या मनात त्या वाक्याचा पुरावाच तयार होतो. आपण वाईट वागतो म्हणून आपल्याला हे होते, अशी रुद्रची पक्की समजूत झाली होती. आपण काहीच सांगत नाही तेव्हा मूल स्वतःच काहीतरी कारण जुळवते, आणि ते कारण बहुधा खऱ्यापेक्षा अधिक क्रूर असते.

आम्ही त्याच्यासाठी चार वाक्ये ठरवली आणि ती घरातल्या सगळ्यांनी सारखीच बोलायची असे ठरले : "तुझ्या अंगातले रक्त लवकर कमी होते. म्हणून दुसऱ्या चांगल्या माणसांनी दिलेले रक्त तुला देतात. सुई टोचताना दुखते, मग थांबते. तू काही चुकलास म्हणून हे होत नाही." बांबोळीला जायचे ते आदल्या संध्याकाळी सांगायचे, आठवडाभर आधी सांगितले तर या वयाचे मूल आठवडाभर भीतीत राहते. "दुखणार नाही" असे कधीही म्हणायचे नाही. कोणत्या हाताला सुई घ्यायची, कोणाच्या मांडीवर बसायचे, साबणाचे फुगे फुंकायचे की डोळे मिटायचे, हे रुद्रने ठरवायचे. रक्त घ्यायचे की नाही, हे मात्र त्याला विचारायचे नाही, कारण जिथे निवड नाही तिथे ती असल्याचा देखावा करणे हीसुद्धा फसवणूकच आहे. त्वचा बधिर करणाऱ्या मलमाविषयी डॉक्टरांना विचारा, असेही मी सुचवले. ते साधारण तासभर आधी लावावे लागते.

पहिल्या खेपेला तो रडलाच. मी आईवडिलांना आधीच सांगून ठेवले होते, की रडणे बंद होणे हा आपला हेतू नाही. काही महिन्यांत त्याचा आजोळी जाण्याचा हट्ट परत आला, एवढे मला पुरेसे वाटले.

आणखी एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. रक्त घेण्याच्या आधीच्या काही दिवसांत हिमोग्लोबिन उतरलेले असते आणि मूल किरकिरे, हट्टी, थकलेले होते. त्या दिवसांतल्या वागण्यावरून त्याला रागावणे मला अन्यायाचे वाटते. अंगणवाडीच्या बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी त्या दिवसांत त्याला पळापळीच्या खेळात ओढणे थांबवले.

घरातली कोंडी मात्र केवळ रुद्रभोवती नव्हती. आजी पुनःपुन्हा विचारत, हे कोणाच्या घराण्यातून आले, आणि सून गप्प राही. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांतही या आजाराचा एकेक सदोष जनुक असेल, तरच हा आजार मुलात उतरतो, प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के असते आणि वाहक स्वतः निरोगी असतो, हे मी आजींना आकृती काढून समजावले. एकाच बाजूचा दोष शोधायला इथे जागाच नाही. आजी रुद्रच्या रक्तवाढीसाठी दुकानातून लोहाचे टॉनिक आणून देत होत्या. त्यांची माया खरी होती, पण ज्याच्या अंगात लोह साचते त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून टॉनिक देणे घातक, हे ऐकल्यावर त्यांनी त्याच दिवशी बाटली बाजूला ठेवली. गोळीची वेळ सांभाळण्याचे काम आता त्यांच्याकडे आहे.

आणि ताई. रुद्रची नऊ वर्षांची बहीण प्रत्येक भेटीला कोपऱ्यात बसून चित्रे काढत असे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशी दुसऱ्याकडून घेऊन आजार बरा करण्याच्या उपचारासाठी, तिचे ऊतक भावाशी जुळते का, याची तपासणी झाली होती. सख्ख्या भावंडाचे जुळण्याची शक्यता चारात एक असते. तिचे जुळले नाही. मोठ्यांनी तो विषय तिच्यासमोर काढलाच नाही. "मी नापास झाले ना?" असे तिने मला विचारले, तेव्हा तिच्या मनावर किती महिने ते ओझे होते, हे आईवडिलांच्या ध्यानात आले. आजारी मुलाला खरे सांगायचे ठरवले, की तेच त्याच्या भावंडांनाही सांगावे लागते. वडिलांनी तिला शेजारी बसवून सांगितले, की हे जुळणे जन्माआधीच ठरलेले असते आणि त्यात कोणीही काही करू शकत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ आता आईने तिच्यासाठी राखून ठेवली आहे. त्या वेळेत रुद्रच्या तब्येतीविषयी बोलायचे नाही, ही अट ताईनेच घातली.

"मी कधी बरा होणार?" हे रुद्रने अजून विचारलेले नाही. विचारील तेव्हा काय म्हणायचे, ते आईवडिलांनी ठरवून ठेवले आहे : मोठा झालास तरी रक्त आणि गोळी घ्यावी लागेल, आणि ते नियमित घेतलेस तर शाळा, खेळ, पुढे नोकरी, सारे तुला करता येईल. प्रत्यारोपणाचे आश्वासन त्यात त्यांनी घातलेले नाही.